गेम कंपनीला एकाच वेळी किती मशिनी झेपतात?

१९९४ च्या नोव्हेंबरात सेगा या टीव्हीला जोडायच्या गेम मशिनी बनवणाऱ्या जपानी कंपनीने एक अजबच काम केलं. अमेरिकेत तिने ‘थर्टीटू एक्स’ नावाचा एक डबा विकायला काढला. तिच्याच जुन्या ‘जेनेसिस’ मशीनच्या डोक्यावर तो बसवायचा, की मशीनची ताकद वाढायची. आणि त्याच आठवड्यात जपानात तिनेच ‘सॅटर्न’ ही कोरी मशीन बाजारात आणली, जी त्या डब्याच्या कितीतरी पुढची होती. म्हणजे डबा घेणाऱ्याचे पैसे घेतल्या दिवशीच पाण्यात. गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्याही हे पाहत होत्या. ज्या डब्याचं मरण समोर दिसतंय त्याच्यासाठी राबायचं कोणी? थर्टीटू एक्सला सगळे मिळून जेमतेम चाळीसेक गेम लाभले.

तेव्हा सेगाच्या अंगावर काय काय होतं ते बघा. जेनेसिस, तिला जोडायचा सीडी ड्राइव्ह, थर्टीटू एक्स, सॅटर्न, हातात धरून खेळायचा गेम गिअर, लहान लेकरांचा पिको, युरोप-ब्राझीलमध्ये अजून खपणारी मास्टर सिस्टीम, आणि नाणं टाकून खेळायच्या आर्केडच्या मोठ्या मशिनी. जानेवारी २००१ मध्ये सेगाने जाहीर करून टाकलं की घरगुती मशिनी बनवणं आता बंद, यापुढे फक्त गेम.

आमच्या दर्यापूर तालुक्यात सेगाची मशीन मी कोणाकडे पाहिली नाही. नव्वदीत अकोल्याहून जो ‘टीव्ही गेम’ यायचा, पिवळ्या कॅसेटवाला, तो निन्टेन्डोच्या जुन्या मशीनची स्वस्तातली नक्कल असायचा. तरी सेगाची आठवण मला जवळपास रोज येते, कारण माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि शाळा सुटली की पोट्टे एकच गाऱ्हाणं घेऊन येतात: “भाऊ, माह्या मोबाइलवर हा गेम काऊन नाही चालत? गोलूच्या मोबाइलवर तं चालते!” त्या प्रश्नाचं उत्तर आणि सेगाचं जे झालं त्याचं कारण, दोन्ही एकाच जागी सापडतं.

गेमच्या धंद्यात दोन जातीच्या कंपन्या आहेत. एक मशीनही बनवते आणि तिच्यासाठी गेमही. निन्टेन्डो, सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि पूर्वीची सेगा या त्यातल्या. दुसरी नुसते गेम बनवते, जे दुसऱ्यांच्या मशीनवर चालतात: बीजीएमआयवाली क्राफ्टॉन, फ्री फायरवाली गरेना, जीटीएवाली रॉकस्टार. पहिलीला आपल्या प्रत्येक मशीनला गेमचा खुराक पुरवावा लागतो. दुसरीला ठरवावं लागतं की आपला गेम कुठल्या मशीनवर चालवायचा आणि कुठली सोडून द्यायची. अडतं दोघींचंही माणसं आणि वेळ यांच्यापाशी. कारखान्यात चार प्रकारच्या मशिनी काढणं त्या मानाने सोपं. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळतात, जोडणी बाहेरून करून घेता येते. चांगला गेम मात्र असा ऑर्डर देऊन मिळत नाही.

ज्याचं वावर दोन शिवारांत आहे त्याला हे चटकन कळेल. एक तुकडा खारपाणपट्ट्यातल्या काळ्या भारी मातीचा, दुसरा वर मुरमाड. मिरगाचा पाऊस पडला की दोन्हीकडे वाफसा चार दिवसांच्या फरकाने येतो, आणि घरी बैलजोडी एक, तिफण एक. जमीन आहे, बियाणं आहे, खतही आणून ठेवलंय. पण एकीकडे पेरणी साधताना दुसरीकडची ओल उडून जाते. गेम कंपनीची बैलजोडी म्हणजे तिच्या कसलेल्या टीम, आणि वाफसा म्हणजे मशीन बाजारात आल्यानंतरचं पहिलं वर्ष-दीड वर्ष. तेवढ्यात चांगले गेम आले नाहीत तर लोक ती मशीन घेत नाहीत. लोक घेत नाहीत म्हणून बाहेरच्या कंपन्या तिच्यासाठी गेम बनवत नाहीत. आणि बाहेरचे गेम नाहीत म्हणून उरलेले गिऱ्हाईकही दुसरीकडे वळतात.

समजा एका कंपनीत सहा टीम आहेत आणि एक मोठा गेम करायला एका टीमला तीन वर्षं लागतात. म्हणजे वर्षाला दोन गेम. मशीन एक असेल तर गिऱ्हाइकाला दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं मिळतं. मशिनी दोन केल्या आणि प्रत्येकीला वेगळा गेम द्यायचा म्हटलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला एकच. तीन केल्या तर दीड वर्षात एक. दीड वर्ष नवा गेम नाही, अशी मशीन कोण घेईल? पण त्याच दोन मशिनी आतून सारख्या असतील, म्हणजे एकीसाठी केलेला गेम थोड्या खटपटीत दुसरीवर चालत असेल, तर सहा टीमचं काम दोन्हीकडे पोचतं. मशिनी किती आहेत यापेक्षा एकीसाठी केलेलं काम दुसरीला किती उपयोगी पडतं, यावर सगळं ठरतं.

माणसं कमी पडतात तर भरती करा की, असं कोणीही म्हणेल. कंपन्या करतातही. पण नवा माणूस जुन्या टीममध्ये मुरायला वेळ खातो, आणि पगार पहिल्या महिन्यापासून सुरू. गेम विकून पैसा यायचा तो तीन वर्षांनी, तोही तेव्हा ती मशीन किती घरांत पोचली असेल त्यावर.

निन्टेन्डोकडे पाहिलं तर मात्र वाटतं, हिला कसं काय जमलं? १९८९ च्या गेमबॉयपासून पुढची पंचवीसेक वर्षं ही कंपनी कायम दोन मशिनी बाळगून होती: एक टीव्हीला जोडायची, एक खिशात घालायची. सेगा जिथे गाळात गेली तिथे ही आरामात.

त्याची कारणं मशिनींच्या आकारातच होती. गेमबॉयच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ एवढेच ठिपके, रंग म्हणाल तर हिरवट करड्याच्या चार छटा. एवढ्याशा पडद्यासाठी गेम करायला छोटी टीम पुरायची. शिवाय खिशातली मशीन टीव्हीच्या मशीनपेक्षा कायम एक पिढी मागे असायची. त्याचा फायदा असा की टीव्हीच्या मशीनवर गाजून गेलेले गेम काही वर्षांनी खिशातल्या मशीनवर थोडी डागडुजी करून परत विकता यायचे. २००१ च्या गेमबॉय ॲडव्हान्सवर टीव्हीच्या सुपर निन्टेन्डो मशीनच्या काळातले मारिओ असेच परत आले. तिसरं म्हणजे सगळं ओझं निन्टेन्डोच्या एकटीच्या डोक्यावर नव्हतं. १९९६ मध्ये गेमबॉयला नवं आयुष्य देणारा पोकेमॉन बनवला होता गेम फ्रीक या दुसऱ्या कंपनीने.

थोडक्यात, दोन मशिनी दिसायला दोन होत्या, पण दुसरीचा खर्च पहिलीच्या मानाने किरकोळ होता.

पुढे २००४ मध्ये निन्टेन्डोने दोन पडद्यांची डीएस काढली. तेव्हा तिने सांगितलं की ही गेमबॉयच्या जागी आलेली नाही; टीव्हीची गेमक्यूब, गेमबॉय ॲडव्हान्स आणि ही, असे आमचे तीन खांब. मला ते बोलणं विम्याच्या हप्त्यासारखं वाटतं. १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ ही डोळ्यांना लावायची लाल पडद्याची मशीन काढून निन्टेन्डोने हात पोळून घेतले होते. डीएसही तशीच आपटली असती तर गेमबॉय शाबूत आहे असं म्हणता यावं, एवढाच त्या तीन खांबांचा अर्थ. डीएस पुढे १५ कोटी ४० लाखांच्या घरात खपली आणि गेमबॉयचा खांब गुपचूप काढून घेतला गेला. तीन मशिनी खरोखर कधी चालवायच्या नव्हत्याच.

खरी अडचण आली २०११-१२ मध्ये. खिशातली थ्रीडीएस आणि टीव्हीची वी यू अशा दोन नव्या मशिनी पावणेदोन वर्षांच्या आत आल्या. थ्रीडीएस आता गेमबॉयसारखी लहानखुरी राहिली नव्हती. तिच्यासाठी गेम करणं म्हणजे पूर्वीच्या टीव्ही मशीनसाठी करण्याइतकंच काम. वी यू ही निन्टेन्डोची पहिली हाय डेफिनिशन मशीन. चित्र स्पष्ट झालं की भिंतीवरचा पोपडासुद्धा दिसतो, आणि तो पोपडा कोणीतरी बसून काढावा लागतो. माणसं किती जास्त लागतील याचा अंदाज चुकल्याचं पुढे निन्टेन्डोच्या लोकांनीच मान्य केलं. दोन्ही मशिनी आतून इतक्या वेगळ्या होत्या की एकीचं काम दुसरीवर नेता येत नव्हतं. २०१४ मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ दोन्हींवर आला, तो अक्षरशः दोनदा बनवावा लागला. वी यूवर महिनेच्या महिने मोठा गेम नसायचा. ती १ कोटी ३६ लाखांवर थांबली. तिच्या आधीची वी १० कोटींच्या वर खपली होती, म्हणजे पडझड केवढी!

कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता स्वतः प्रोग्रॅमर. दुखणं कुठे आहे हे त्यांना कळत होतं. २०१३ मध्ये खिशातल्या मशीनवाल्यांचा आणि टीव्ही मशीनवाल्यांचा असे दोन वेगळे विभाग त्यांनी एक केले. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी जे मांडलं त्याचा मथितार्थ असा: यापुढे आपल्या मशिनी एका घरातल्या भावांसारख्या असतील. आकार वेगळा असेल, पण एकासाठी केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला लागू पडेल. मशिनी कमी करू की जास्त, हा प्रश्न त्यांनी दुय्यम मानला. आधी पाया एक करू. २०१५ च्या जुलैमध्ये इवाता गेले. ३ मार्च २०१७ ला स्विच आली, टीव्हीलाही लागणारी आणि हातातही मावणारी. दोन मशिनींचा संसारच संपला. पोकेमॉन, मारिओ, झेल्डा सगळे एकाच जागी, आणि खप १५ कोटींच्या वर.

सोनीलाही हा धडा मिळाला, फक्त कमी गाजावाजात. तिची खिशातली व्हिटा डिसेंबर २०११ मध्ये जपानात आली. सोनीच्या आपल्या टीम लवकरच टीव्हीच्या प्लेस्टेशन फोरच्या कामाला लागल्या, व्हिटाकडे बघायला कोणी उरलं नाही, आणि २०१९ मध्ये ती बनणंही बंद झालं.

आता मशिनी आतून वेगळ्या असतात म्हणजे नेमकं काय वेगळं असतं, ते बघू. सगळ्यात आधी चिप. आपल्या मोबाइलमध्ये आणि स्विचमध्ये आर्म जातीची चिप असते. पीसी, प्लेस्टेशन फोर-फाइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्ये एक्स-एटीसिक्स जातीची, म्हणजे इंटेल-एएमडीवाली. एका जातीसाठी तयार केलेला गेम दुसरीवर जसाच्या तसा चालत नाही, तिच्यासाठी परत बांधावा लागतो. २००६ च्या प्लेस्टेशन थ्रीमध्ये तर ‘सेल’ नावाची तिसरीच तऱ्हेवाईक चिप होती, जिने प्रोग्रॅमरांना रडवलं. सेगाच्या सॅटर्नमध्ये दोन प्रोसेसर शेजारी शेजारी बसवले होते आणि दोघांनाही एकाच वेळी कामाला लावणं भल्याभल्यांना जमलं नाही. २०१३ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघींनी एएमडीची एकाच जातीची चिप घेतली, तेव्हापासून दोन्हींसाठी गेम करणाऱ्यांचा निम्मा ताप गेला.

दुसरं, चित्र काढणाऱ्या चिपशी कुठल्या बोलीत बोलायचं. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स, ॲपलची मेटल, अँड्रॉइडवर व्हल्कन, सोनीची स्वतःची वेगळीच. तिसरं, मेमरी. चौथं, हातात काय आहे: बटणं, माऊस, की काचेवर फिरणारे दोन अंगठे. पाचवी भानगड दुकानाची आणि नियमांची. कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या मशीनवर, गेम टाकायचा तर त्या मशीनची मालक कंपनी आधी तो तपासते. कंट्रोलरची बॅटरी मध्येच गेली तर गेम थांबतो का, मध्येच इंटरनेट तुटलं तर काय निरोप दिसतो, अशा बारीकसारीक शंभर गोष्टी. नापास झाला तर दुरुस्त करून परत रांगेत.

ज्यांना कीपॅडचे मोबाइल आठवतात त्यांनी यातला सगळ्यात वाईट काळ पाहिलेला आहे, फक्त गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा मेमरी कार्डमध्ये गाणे आणि जावा गेम भरून देणारी दुकानं गावोगाव होती. तिथे पहिला प्रश्न असायचा, मोबाइल कोणता? कारण एकाच गेमच्या फायली वेगवेगळ्या असायच्या: १२८ बाय १६० ठिपक्यांच्या पडद्याची, १७६ बाय २२० ची, २४० बाय ३२० ची, नोकियाची, सॅमसंगची, सोनी एरिक्सनची. चुकीची फाइल टाकली की गेम कोपऱ्यात चिकटून चालायचा नाहीतर बटणं उलटी लागायची. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ अशी जावाची जाहिरात होती, आणि प्रत्यक्षात एका गेमच्या शेकडो आवृत्त्या काढाव्या लागायच्या. गेम एका फोनवरून दुसऱ्या फोनवर बसवून देणं हाच आपल्याकडच्या कितीतरी प्रोग्रॅमरांचा रोजगार होता.

त्या जंजाळातून सुटका केली इंजिनांनी. गेम इंजिन म्हणजे तयार पाया: चित्र काढणं, आवाज, उडी मारल्यावर खाली पडणं, टक्कर झाली की थांबणं, ही सगळी कामं त्यात आधीच लिहिलेली असतात. १९९८ पासूनचं अनरियल आणि २००५ मध्ये आलेलं युनिटी ही त्यातली मोठी नावं. गेम इंजिनाच्या भाषेत एकदा लिहायचा. मग तो अँड्रॉइडसाठी, आयफोनसाठी, पीसीसाठी, कन्सोलसाठी बांधून देणं हे इंजिनाचं काम. चार-पाच जणांची टीमही आज पाच ठिकाणी गेम काढू शकते ती यामुळेच.

यावर पोट्टे म्हणतात, मंग अडचण काय राहिली भाऊ? इंजिन गेम बांधून देतं, पण तो त्या मशीनवर नीट पळेल याची हमी देत नाही. पाच मशिनी म्हणजे प्रत्येक अपडेट पाचदा तपासायचं. एकीवर सापडलेली चूक दुरुस्त केली की उरलेल्या चार परत तपासायच्या, कारण दुरुस्तीनेच दुसरीकडे काही मोडलं असू शकतं. ऑनलाइन गेम असेल तर हे दर महिन्याला, वर्षानुवर्षं. गेम बाजारात आणण्याचा खर्च एकदाचा असतो, सांभाळण्याचा खर्च संपत नाही.

आणि सगळ्यात जास्त त्रास देते ती यादीतली सगळ्यात कमजोर मशीन. १० डिसेंबर २०२० ला आलेला ‘सायबरपंक २०७७’ चांगल्या पीसीवर देखणा चालत होता. तोच गेम २०१३ च्या पिढीच्या प्लेस्टेशन फोर आणि एक्सबॉक्स वनवर इतका अडखळला, की सोनीने आठच दिवसांत तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. दुकानात तो परतला २०२१ च्या जूनमध्ये. २०२३ मध्ये त्याचा मोठा वाढीव भाग आला, तेव्हा कंपनीने जुन्या मशिनींना सरळ वगळलं. माझ्या मते हे शहाणपण पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. पण तोवर जुन्या मशिनी कोट्यवधी घरांत होत्या आणि तेवढ्या गिऱ्हाइकांवर पाणी सोडायची छाती कोणाची होते?

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये एका पिढीच्या दोन मशिनी एकदमच काढल्या, सिरीज एक्स आणि स्वस्तातली सिरीज एस. पाया एक, म्हणून हे जमायला हवं होतं, आणि बहुतांशी जमलंही. पण महागडीत १६ जीबी मेमरी आणि स्वस्तीत १०. नियम असा की गेमच्या सोयी दोन्हींवर सारख्या हव्यात. २०२३ मधला ‘बॉल्डर्स गेट थ्री’ पीसीवर ऑगस्टमध्ये आला, प्लेस्टेशनवर सप्टेंबरमध्ये, आणि एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला. दोघांनी एकाच टीव्हीवर पडदा वाटून खेळायची सोय सिरीज एसच्या मेमरीत मावेना. शेवटी मायक्रोसॉफ्टने नियम सैल केला आणि सिरीज एसवर ती सोय गाळून गेम निघाला.

मोबाइलवाल्यांपुढे तर दोन नव्हे, हजारो मॉडेल. चित्र काढणारी चिपही प्रत्येकात वेगळी: कुठे स्नॅपड्रॅगनसोबत ॲड्रेनो, कुठे मीडियाटेकसोबत माली. मग कंपन्या फोनची प्रतवारी लावतात. एकाच झाडाची तीन चित्रं ठेवतात: भारी फोनला पानापानाचं झाड, मधल्याला कमी पानांचं, हलक्याला हिरवा गोळा. कोणता फोन ओळखून कोणतं झाड पाठवायचं ते गेम ठरवतो. सगळ्यात खालच्या प्रतीखाली एक रेघ मारलेली असते. गुगल प्ले स्टोअरमध्ये गेमच्या मालकाला ठरवता येतं की अमुक जीबीपेक्षा कमी रॅमच्या किंवा अमुक चिपच्या फोनला हा गेम द्यायचाच नाही. तुमच्या फोनसाठी हे ॲप उपलब्ध नाही, असा निरोप येतो तो बऱ्याचदा याच रेघेमुळे. फोन बिघडलेला नसतो. अशा फोनवर गेमची एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, कुठूनतरी आणून जबरीने टाकू नका, असं मी सांगतो. गेम उघडतोही कधीकधी, पण पाच मिनिटांत बंद पडतो, आणि फाइलबरोबर काय आलं ते कोणाला माहीत?

काही कंपन्या रेघेखालच्यांसाठी वेगळाच हलका गेम काढतात. पबजी मोबाइलची ‘लाइट’ आवृत्ती २०१९ मध्ये भारतात आली आणि गावाकडे तिचा जोर मोठा होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली तेव्हा दोन्ही गेल्या. २०२१ मध्ये बीजीएमआयच्या रूपात मोठा गेम परतला, लाइट काही आला नाही, आणि बीजीएमआय लाइट कधी येणार हा प्रश्न मला पुढे कित्येक महिने ऐकावा लागला. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हलका गेम म्हणजे दुसरा गेमच: त्याचे नकाशे वेगळे, अपडेट वेगळे, फसवेगिरी करणाऱ्यांना पकडायची यंत्रणा वेगळी. आणि त्यातला खेळाडू गेममधल्या कपड्या-बंदुकांवर खर्च करणार तोही बेताचाच. गरेनाने २०२१ मध्ये दुसरी वाट धरली. फ्री फायर आणि जास्त देखणा फ्री फायर मॅक्स हे दोन गेम तिने असे जोडले, की हलक्या फोनवाला आणि भारी फोनवाला एकाच सामन्यात खेळू शकतील. इवातांनी जे मशिनींबद्दल सांगितलं होतं तेच हे, फक्त फोनच्या बाबतीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतात फ्री फायरवर बंदी आली आणि मॅक्स तेवढा उरला, म्हणून आपल्याला त्याचा फायदा फार दिवस मिळाला नाही.

कंपनी कागदावर लिहिते, ‘कमीत कमी इतकी रॅम’. त्या कागदात आपल्या भागातलं बरंच काही बसत नाही. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. फोनची चिप ठरावीक तापली की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करते. एसीच्या खोलीत गुळगुळीत चाललेला गेम इथे पत्र्याखाली दहा मिनिटांत अडखळायला लागतो, आणि पोरगा म्हणतो मोबाइल खराब निघाला. मी त्याला मागचं कव्हर काढून खेळायला सांगतो. चार्जिंगला लावून खेळू नको, हेही सांगतो. तेवढ्याने खरंच फरक पडतो. डेटाचंही तसंच. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल आणि अपडेटच एक-दीड जीबीचं असेल, तर त्या दिवशी गेम डाउनलोड होतो, खेळायला डेटा उरत नाही. अशा फोनवर गेम चालतो असं कंपनीच्या यादीत लिहिलेलं असतं. चालतोही, पण कसा, ते आमच्या काउंटरवर कळतं.

मग मोठ्या कंपन्या हे निभावतात कसं? बऱ्याच जणी सगळीकडे एकदम जातच नाहीत. जीटीए फाइव्ह १७ सप्टेंबर २०१३ ला प्लेस्टेशन थ्री आणि एक्सबॉक्स थ्रीसिक्स्टीवर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये पुढच्या पिढीच्या मशिनींवर. पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. मार्च २०२२ मध्ये त्याच्याही पुढच्या पिढीवर. गेम एक, मशिनींच्या पिढ्या तीन, पण टीमच्या पुढ्यात एका वेळी एक-दोनच. यात धंद्याचंही गणित आहे: धीर नसलेला माणूस आधी कन्सोलवर घेतो, मग पीसीवर परत घेतो. पीसीवाल्यांना थांबावं लागतं त्यामागे दोन्ही कारणं आहेत. निव्वळ लबाडी म्हणणं मला पटत नाही.

मशिनी सोडलेल्या सेगाचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. २००१ च्या डिसेंबरात तिच्या गेमचा हिरो सॉनिक निन्टेन्डोच्या मशिनींवर पळू लागला. ज्या निन्टेन्डोला हरवायला सॉनिक जन्माला घातला, तिच्याच अंगणात! मशिनी सांभाळायचा बोजा उतरल्यावर सेगा आजही टिकून आहे आणि गेम विकते आहे. आता मायक्रोसॉफ्टही त्याच वाटेवर चालू लागलीय. २०२४ मध्ये तिने आपले चार गेम बाहेरच्या मशिनींवर दिले, आणि एक्सबॉक्सची ओळख असलेला ‘हेलो’ प्लेस्टेशनवर येणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. सोनीने २०२० पासून आपले मोठे गेम पीसीवर काढायला सुरुवात केली. इंजिनांमुळे आणि सारख्या चिपांमुळे एक गेम चार ठिकाणी नेणं स्वस्त झालं, तसं गेम आपल्याच मशीनपुरता कोंडून ठेवणं महागात पडू लागलं.

निन्टेन्डो तेवढी वेगळी राहिली. जून २०२५ मध्ये तिची स्विच टू आली; जुन्या स्विचचे बहुतेक गेम त्यावर चालतात. नवा मारिओ कार्ट फक्त नव्या मशीनवर, पण त्याच वर्षीचा पोकेमॉन जुन्या-नव्या दोन्हींवर. जिथे गिऱ्हाईक जास्त आहे ती जुनी मशीन एकदम सोडायची नाही, आणि नवी घ्यायला एखादं जबरदस्त कारणही ठेवायचं. पाया सारखा असल्यामुळेच हे तिला परवडतं.

हल्ली अमरावती-अकोल्याकडून जुनी प्लेस्टेशन फोर आणावी का, असं बरेच जण विचारतात. सोनीच्या स्वतःच्या टीमनी ती आता सोडली आहे. २०२२ चा ‘गॉड ऑफ वॉर’ तिच्यावर आला होता, २०२३ चा ‘स्पायडर-मॅन टू’ आला नाही. फुटबॉलचा दरवर्षीचा गेम बाहेरची कंपनी अजून तिच्यासाठी काढते, ‘क्रिकेट २४’ तिच्यावर चालतो, आणि दहा वर्षांतले जुने चांगले गेम स्वस्तात मिळतात. तेवढ्यासाठी घ्यायची तर खुशाल घ्या. जीटीए सिक्स मात्र प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झाला आहे. त्याच्या आशेने फोर घेऊ नका. आणि पैसे मोजण्याआधी एखादा गेम पंधरा मिनिटं चालवून बघा: पंखा विमानासारखा गरजतो का, आणि हात न लावता गडी आपोआप एका बाजूला चालायला लागतो का. चालला, तर कंट्रोलरची स्टिक गेलेली आहे. नव्या कंट्रोलरचे पैसे भावातून कापून घ्या.